ज्वारीचा क्रॅकर आणि त्याचे नाव : प्रकल्प नोंदी, सोलापूर

१२ सप्टेंबर २०२४

जुळे सोलापुरातील आमच्या केंद्रात कडक भाकरी तयार होते आणि बाहेरगावी पाठवताना ती मोडते, एवढ्यात या प्रकल्पाचे मूळ सांगून होते. परातीएवढी, पापडासारखी पातळ आणि पूर्ण वाळलेली भाकरी खोक्यात कितीही कागद कोंबला तरी पुण्याला पोहोचेपर्यंत दहांतल्या तीन-चारांचे तुकडे होतातच. गंमत अशी, की तक्रार करणाऱ्यांपैकी काहींनी पुढच्या वेळी तुकडेच मागितले, कारण शेंगाचटणी आणि दह्याबरोबर ते तोंडात टाकायला सोपे जातात. त्यावरून असे ठरले, की मालदांडी ज्वारीचाच, पण मुळातच लहान आकाराचा क्रॅकर, म्हणजे पातळ, कुरकुरीत बिस्कीट, तयार करायचा आणि संक्रांतीच्या गड्डा यात्रेपूर्वी त्याची पहिली पाकिटे विक्रीला ठेवायची. पाकिटाच्या मागच्या बाजूला 'क्रॅकर' या शब्दाची हकिगत चार ओळींत छापावी, अशी सूचना आली. मी बरीच वर्षे शाळेत मराठी शिकवले असल्यामुळे ते काम माझ्याकडे आले आणि त्याच्या पाठोपाठ या नोंदी ठेवण्याचेही.

पीठ आणि ते मळणे मोठ्या काकूंकडे राहील. भट्टी शेजारच्या बेकरीवाल्या मामांची आहे. दुपारी दोननंतर ती त्यांना लागत नाही.

१५ सप्टेंबर

पहिला घाणा भाजला. ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन नसते, म्हणून गार पाण्यात मळलेला गोळा लाटण्याखाली फाटतो. भाकरी लाटण्याऐवजी थापतात, त्याचे कारण हेच. काकूंनी उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढली. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि ग्लुटेनचे थोडेफार काम तोच करतो. दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये गोळा ठेवून सुमारे दोन मिलिमीटर जाडीची पोळी लाटली, सुरीने चौकोन पाडले आणि १८० अंश सेल्सिअसला चौदा मिनिटे ठेवले. बाहेर आले ते कडा वर वळलेले आणि मध्ये टम्म फुगलेले चौकोन होते. गार झाल्यावर तर त्यांचे खापर झाले. काकूंनी एक हातात घेऊन पत्र्यावर वाजवून पाहिला आणि विचारले, "ताई, हे खायचं का फरशीला बसवायचं ओ?"

१९ सप्टेंबर

फुगण्याचा उपाय मामांनी सांगितला आणि तो इतका साधा निघाला, की आम्हाला आधी कसा सुचला नाही याचे नवल वाटले. भट्टीत गेल्याबरोबर पिठातल्या पाण्याची वाफ होते, वरचा पापुद्रा आधी सुकून बसलेला असतो, वाफेला वाट मिळत नाही आणि चौकोनाची पुरी होते. काट्याने आरपार टोचे मारले, की वाफ तेथून निघून जाते. शिवाय प्रत्येक टोच्यापाशी वरचा आणि खालचा थर एकमेकांना चिकटून राहतो. बाजारातल्या कोणत्याही खाऱ्या बिस्किटावर ओळीने दिसणारी भोके शोभेची नसतात, ती याच कामाची असतात. मामांनी एका फळीला खिळे ठोकून दिले आहेत. एका दाबात बारा टोचे पडतात.

पिठातही बदल केला. आता तीन भाग ज्वारी, एक भाग गव्हाची कणीक, थोडे तेल, मीठ आणि वरून तीळ असे प्रमाण आहे. कणकेमुळे पोळी लाटताना फाटत नाही. याचा अर्थ 'ग्लुटेनमुक्त' हा शब्द आपल्याला पाकिटावर छापता येणार नाही आणि घटकांच्या यादीत गहू ठळकपणे लिहावा लागेल. आमच्यातल्या दोघींना हे रुचले नाही, कारण तो शब्द छापला की भाव वाढवून मिळतो. मला यात चर्चेला जागा दिसत नाही. गहू ज्याला सोसत नाही त्याने ज्वारीच्या विश्वासावर पाकीट घेतले, तर त्याचा त्रास आपल्या शब्दामुळे होईल.

२३ सप्टेंबर

सोलापुरात वर्षातला सर्वांत जास्त पाऊस याच महिन्यात पडतो आणि आज त्याने आमच्या घाण्यावर सूड उगवला. दुपारी चार वाजता काढलेले क्रॅकर ताटात उघडे राहिले. सातपर्यंत ते न मोडता वाकू लागले होते. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. भाजलेल्या क्रॅकरमध्ये पाणी जेमतेम दोन ते चार टक्के उरते. इतका कोरडा स्टार्च काचेच्या जातीचा असतो, म्हणजे तो वाकत नाही, थेट तडकतो. त्यात हवेतली ओल शिरली, की तोच स्टार्च रबराच्या वळणावर जातो. मग दातांखाली आवाज येत नाही आणि आवाज गेला की पदार्थही गेला.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात वाणसामानाच्या दुकानात क्रॅकर मोठ्या लाकडी पिंपातून सुटे विकत असत. पिंपाच्या तळाशी गेलेला माल ओला, चुरलेला आणि कधी कधी उंदरांनी चाखलेला असे. १८९८ साली तेथे अनेक बेकऱ्या एकत्र येऊन नॅशनल बिस्किट कंपनी झाली आणि तिने आपला 'युनीडा' हा क्रॅकर आतून मेणकागद लावलेल्या बंद खोक्यात आणला. त्याच्या जाहिरातीत रेनकोट आणि उंच बूट घातलेला, काखेत खोके धरलेला लहान मुलगा होता. पावसात भिजलो तरी आतला माल कोरडा, एवढेच त्याला सांगायचे होते. खिडकीबाहेरची सर पाहताना मला त्या मुलाचा हेवा वाटला. आमच्याकडे आज मेणकागद नव्हता, झाकण सैल झालेला डबा होता.

ठराव : काढल्यापासून तासाभरात पाकीटबंद करायचे. ओलसर दिवशी घाणा घालायचा नाही.

२८ सप्टेंबर

पितृपक्ष असल्याने मागणी थंड आहे, म्हणून आज शब्दाकडे वळले.

क्रॅकरच्या नावाची एक कथा सगळीकडे सांगितली जाते. १८०१ साली मॅसॅच्युसेट्समधील मिल्टन या गावी जोसाया बेंट नावाच्या बेकरीवाल्याच्या हातून बिस्किटांचा एक घाणा करपला, भट्टीत ती तडतडू लागली आणि त्या आवाजावरून त्यांना क्रॅकर म्हणू लागले, अशी ती कथा आहे. बेंट हा खरोखरीचा माणूस होता, त्याची बेकरीही खरी होती आणि पाणी व पीठ यांपासून केलेले त्याचे क्रॅकर पुढे नावाजले गेले. तथापि, नावाची गोष्ट तारखेच्या कसोटीवर टिकत नाही. पातळ, कुरकुरीत बिस्कीट या अर्थाने 'क्रॅकर' हा शब्द अमेरिकेत १७३९ सालीच लिहिलेला आढळतो, म्हणजे बेंटच्या भट्टीच्या साठ वर्षे आधी. इंग्लंडमध्ये तर पंधराव्या शतकाच्या मध्यालाही कडक पापडीला हा शब्द लावलेला दिसतो. ज्या मुलाचे बारसे आधीच झाले होते, त्याचे नाव बेंटने ठेवले असे कसे म्हणता येईल?

शब्दाची बांधणी सरळ आहे. 'क्रॅक' या क्रियापदाला कर्त्याचा प्रत्यय लागून 'क्रॅकर' झाला. जो मोडतो आणि मोडताना आवाज करतो तो. जुन्या इंग्रजीतले 'क्राकियन' हे क्रियापद मोठा, तीक्ष्ण आवाज करणे या अर्थाचे होते. डच भाषेतील 'क्राकन' आणि जर्मनमधील 'क्राखन' ही त्याचीच भावंडे असून, या सगळ्यांच्या मुळाशी आवाजाची नक्कल आहे असे मानले जाते. म्हणजे या पदार्थाला नाव मिळाले ते त्याच्या धान्यावरून, आकारावरून किंवा चवीवरून नाही, तर तो संपताना जे ऐकू येते त्यावरून.

ही करपलेल्या घाण्याची कथा खोटी असल्याचे मी दुपारी सांगितले, तेव्हा काकूंची निराशा झाली. त्यांना ती आवडली होती. "करपलेल्यावरून नाव पडतं होय? मग मला तर सासरी किती नावं ठेवली!" असे म्हणून त्या उकड मळायला गेल्या.

९ ऑक्टोबर

नवरात्र चालू असल्याने केंद्रात चौघीच आल्या. घटावर बांधायच्या कडाकण्या करण्यासाठी काकूंनी केंद्राचेच पोळपाट-लाटणे घेतले आणि मी शेजारी बसून पाहत राहिले. गुळाच्या पाण्यात घट्ट भिजवलेली कणीक आणि रवा, त्याची अगदी पातळ पुरी, आणि तळण्याआधी सुरीच्या टोकाने मारलेले पाच-सहा टोचे. टोचे कशाला, असे विचारल्यावर उत्तर आले, "फुगली तर ती पुरी झाली की ओ, कडाकणी कशी होईल?" तीन आठवड्यांपूर्वी मामांकडून शिकलेली गोष्ट आमच्या देवघरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेली होती आणि ती आम्हा सातजणींपैकी एकीलाही भट्टीपाशी आठवली नव्हती.

नावही पाहण्यासारखे आहे. कडाकणी हा शब्द म्हटला, की 'कडाड', 'कडकडाट', 'कडाकड मोडली' हे सारे कानाशी येऊन उभे राहते. कानाला जाणवलेले साम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे, हे शाळेत मी मुलांना अनेकदा सांगितले आहे आणि येथेही ते पाळते. पण मराठी माणूस हे नाव उच्चारताना त्यातला कडकपणा आणि मोडण्याचा आवाज ऐकतो, एवढे म्हणायला शब्दकोश लागत नाही. कुरडई, कुरकुरीत चकली, खुसखुशीत करंजी असे म्हणताना आपण सतत दातांखालच्या आवाजाची प्रतवारी करत असतो. करंजी कुरकुरीत झाली तर ती बिघडली आणि चकली खुसखुशीत झाली तर मोहन जास्त पडले. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

स्वीडनमध्ये राय नावाच्या धान्याची अशीच पातळ, कोरडी भाकरी करतात. तिचे 'क्नेकेब्रॉड' हे नाव मोडणे, तडकणे या अर्थाच्या क्रियापदावरून आले आहे. तिच्या मधोमध मोठे भोक ठेवत आणि छताखालच्या काठीत ओवून ती महिनोन्‌महिने टांगून ठेवत. आमच्या घटावरही कडाकण्या दोऱ्याने टांगलेल्याच असतात. हेतू अर्थातच वेगळा आहे, एक कोठार आहे आणि दुसरा फुलोरा.

१८ ऑक्टोबर

कोजागरीच्या निमित्ताने सोलापुरातून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची गर्दी परवा रात्रभर रस्त्याने वाहत होती. अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. आमच्या केंद्रातून त्या दोन दिवसांत नेहमीच्या तिप्पट कडक भाकरी गेली. वाटेत जागोजागी फराळ आणि चहा फुकट मिळत असताना लोक ती कशासाठी नेतात, असे मी एका आजोबांना विचारले. ते म्हणाले, "पिशवीत असली की धीर राहतो."

जहाजावरच्या बिस्किटाची गोष्ट याहून वेगळी नाही. पीठ, पाणी आणि क्वचित मीठ यांचा घट्ट गोळा, टोचे मारून भाजायचा आणि नंतर मंद उष्णतेवर पूर्ण सुकवायचा. असे बिस्कीट महिनोन्‌महिने टिकत असे. ब्रिटिश आरमारातील खलाशाला दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम, बिस्कीट शिध्यात मिळे. अमेरिकेच्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात सैनिक तेच कॉफीत बुडवून खात, कारण कोरडे चावणे दातांना झेपत नसे. 'बिस्कीट' हा शब्दसुद्धा या दोनदा भाजण्यावरूनच आला : लॅटिनमध्ये 'बिस' म्हणजे दोनदा आणि 'कोक्तुस' म्हणजे शिजवलेले. म्हणजे एकाच पदार्थाची दोन नावे दोन टोकांवरून पडली. बिस्कीट हे नाव तो कसा केला हे सांगते, क्रॅकर हे नाव खाताना काय होते ते सांगते. आपली कडक भाकरीही खरे तर दोनदा भाजलेली असते. आधी तव्यावर, मग चुलीच्या कडेला उभी करून किंवा मंद आचेवर कापडाने दाबून. त्या अर्थाने ती बिस्कीटच आहे. हे वाक्य पाकिटावर छापू नये, असे सर्वानुमते ठरले.

२४ ऑक्टोबर

दिवाळीच्या तोंडावर मुंबई आणि पुण्याच्या ओळखीच्या घरी चाखायला म्हणून चार किलो माल पाठवायचा होता. खोक्यावर मी ठसठशीत अक्षरांत 'ज्वारी क्रॅकर्स' असे लिहिले आणि पार्सल घेणाऱ्या खिडकीवरच्या मुलाने ते हातात घेण्यासही नकार दिला. फटाके पार्सलने जात नाहीत. मी ज्वारीकडे बोट दाखवले. त्याला वाटले ते कंपनीचे नाव आहे. मागे रांग वाढत होती. शेवटी चिकटपट्टी कापून खोके उघडले, त्याने एक क्रॅकर वास घेऊन पाहिला, दुसरा खाऊन पाहिला आणि नव्या कागदावर 'खाद्यपदार्थ' असे लिहून आणायला सांगितले. त्या कार्यालयाचे नाव येथे लिहीत नाही, कारण नियम त्यांचाच बरोबर होता आणि शब्द माझा चुकला होता.

घरी येऊन पाहिले, तर त्या मुलाची बाजू इतिहासही घेतो. इंग्रजीत फटाका या अर्थाने 'क्रॅकर' सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून वापरात आहे. दोन्ही अर्थ एकाच आवाजाचे आहेत. एक दातांखाली होतो, दुसरा वातीपाशी. आपला फटाकाही 'फट्' या आवाजाशीच बांधलेला आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात गरीब गोऱ्या वस्तीकऱ्यांना हिणवण्यासाठी हाच शब्द वापरत. १७६६ सालच्या एका पत्रात त्याचे कारण असे दिले आहे, की हे लोक मोठ्या बढाया मारतात, म्हणून त्यांना ते नाव पडले. 'क्रॅक' म्हणजे मोठ्याने बोलणे, फुशारकी मारणे असाही एक जुना अर्थ होता. बिस्कीट, फटाका आणि बढाईखोर माणूस, तिघांच्याही नावात आवाजच आहे.

८ नोव्हेंबर

दिवाळी संपली. सोड्याचा प्रयोग केला आणि सोडून दिला, त्याची एवढीच नोंद.

अमेरिकेतील मिझुरी राज्यातल्या सेंट जोसेफ येथील एफ. एल. सॉमर कंपनीने १८७६ मध्ये जो खारा सोडा क्रॅकर आणला, त्या जातीचे पीठ यीस्ट घालून बारा-सोळा तास किंवा त्याहूनही जास्त आंबवतात. आंबण्याने आलेली आम्लता नंतर खाण्याच्या सोड्याने मारली, की वायू सुटून थर हलके होतात. आम्ही ज्वारीचे पीठ ताकात रात्रभर ठेवले. सकाळी त्याला आंबिलीसारखा छान वास येत होता, पण सोड्याचे माप चुकले. क्रॅकर पिवळसर झाले आणि चव साबणाच्या जवळ गेली. दुसऱ्या वेळी माप सुधारले, तेव्हा क्रॅकर चांगला झाला, मात्र त्यात ज्वारी कोठे आहे हे शोधावे लागत होते. ज्या धान्याच्या चवीवर हा सारा खटाटोप उभा आहे, तीच झाकणारी हलकी कुरकुर आपल्याला नको, असे माझे मत पडले. काकूंचे त्याच्या आधीच पडले होते.

२१ नोव्हेंबर

या प्रकल्पातील सर्वांत चमत्कारिक बिघाड आज समोर आला. कालच्या घाण्यातले क्रॅकर काढताना अखंड होते, रंग एकसारखा होता आणि हवा कोरडी असल्याने कुरकुरीतपणाचीही तक्रार नव्हती. काल ते पंख्याखाली पटकन गार करून डब्यात भरले. आज सकाळी डबा उघडला, तर कोणी हात न लावता जवळजवळ अर्ध्या क्रॅकरवर केसासारख्या बारीक भेगा गेलेल्या होत्या. एक उचलला आणि तो बोटांत दोन तुकडे होऊन आला.

आधी संशय उंदरावर, मग डबा आपटण्यावर गेला. मामांनी दोन तुकडे उजेडात धरून पाहिले आणि सांगितले, की बिस्किटाच्या कारखान्यांत हे रोजचे दुखणे आहे, तेथे त्याला 'चेकिंग' म्हणतात. त्याची रीत अशी आहे. भट्टीत क्रॅकरच्या कडा लवकर सुकतात आणि मधल्या भागात थोडे पाणी जास्त राहते. भट्टीतून काढल्यावर मधले पाणी हळूहळू कडांकडे सरकते, कडा हवेतलीही ओल घेतात. पाणी मिळालेली कड प्रसरण पावते, पाणी गमावलेला मधला भाग आकसतो. एकाच चकतीचा काठ बाहेर ओढतो आणि पोट आत ओढते. पदार्थ काचेसारखा ताठ असल्याने त्याला वाकून जुळवून घेता येत नाही, म्हणून तो तडकतो. हे सगळे काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी घडते, त्यामुळे भट्टीसमोर उभे राहून कितीही डोळ्यांत तेल घालून पाहिले तरी ते दिसत नाही.

उपाय भट्टीतच आहे. नेहमीचे भाजून झाल्यावर सुमारे १०० अंशांच्या मंद उष्णतेत आणखी अर्धा तास ठेवायचे, म्हणजे मधला भाग आणि कडा यांच्यातला ओलाव्याचा फरक मिटतो. आणि नंतर पंख्यापासून दूर, सुती कापडाखाली सावकाश गार होऊ द्यायचे.

भेगा पडलेले क्रॅकर समोर घेऊन बसले असताना शब्दाचे जे कोडे पुस्तकांतून सुटत नव्हते ते आपोआप सुटले. इंग्रजीत 'क्रॅक' म्हणजे आधी आवाज आणि पुढे भेग. आवाजाचे नाव आवाजाने मागे ठेवलेल्या खुणेला मिळाले. मराठीत 'तड' या ध्वनीची चाल हीच आहे. मोहरी तडतडते तेव्हा फक्त आवाज असतो. कंदिलाची काच तडकते तेव्हा आवाजही असतो आणि भेगही. भिंतीला तडा जातो तेव्हा आवाज कधीच विरलेला असतो आणि उरते ती केवळ रेघ. उन्हाळ्यात आमच्या काळ्या रानाला पडतात त्या तड्यांना तर आवाज असतो असे म्हणणेही कठीण. 'क्रॅकर'ची ओळख इंग्रजी न येणाऱ्या माणसाला करून द्यायची, तर कोशातला अर्थ देण्यापेक्षा ही तीन वाक्ये देणे पुरे, असे मला वाटते. ज्या क्रॅकरला काल रात्री तडे गेले, त्यांनी आपले नाव मात्र दातांची वाट न पाहता सार्थ केले.

चुरा वाया गेला नाही. शेंगाचटणी आणि कांदा घालून सगळ्यांनी तो दुपारी खाल्ला.

५ डिसेंबर

मंद आचेच्या दुसऱ्या फेरीनंतर सलग तीन घाणे दोन-दोन दिवस डब्यात ठेवून पाहिले. भेगा नाहीत.

मुंबईहून निरोप आला, की दिवाळीत पाठवलेले पाकीट उघडल्यावर दुसऱ्या दिवशी मऊ पडले. सोलापूरच्या कोरड्या हवेवर विसंबून चालणार नाही. पाकिटावर 'उघडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे' हे वाक्य मोठ्या अक्षरांत हवे.

१९ डिसेंबर

नावाची बैठक हुरड्याच्या निमित्ताने मामांच्या शेतावर, होटगीच्या वाटेवर झाली. आगटीभोवती बसून ज्वारीच्या पदार्थाचे नाव ठरवणे यात एक औचित्य होते, पण त्यामुळे निर्णय लवकर झाला असे मुळीच नाही.

'कडाकणी' हे नाव मी सुचवले आणि ते पहिल्या पाच मिनिटांत पडले. कडाकणी गोड असते आणि ती देवीची असते. ती पाकिटात घालून चहाबरोबर विकणे काकूंना पटले नाही आणि त्यांचा आक्षेप मला मान्य करावा लागला. 'कडक भाकरी' म्हणावे, तर ग्राहक परातीएवढ्या भाकरीची अपेक्षा धरतो. अक्कलकोटकडून येणाऱ्या, घरी कानडी बोलणाऱ्या आमच्या मैत्रिणीच्या मते हे सगळे वाद निरर्थक आहेत, कारण त्यांच्याकडे मोठी असो वा लहान, ती रोट्टीच. पूर्व भागात राहणाऱ्या, तेलुगू बोलणाऱ्या दुसरीने 'जोन्न रोट्टे' म्हणून तिला दुजोरा दिला. सर्वांत लहान असलेल्या मुलीने 'क्रॅकर' हाच शब्द मोठा ठेवावा असा आग्रह धरला. महाविद्यालयातील मुले दुकानात जाऊन चकती मागत नाहीत, असे ती म्हणाली, आणि ते खरे आहे. मोनॅको आणि क्रॅकजॅक खाऊन वाढलेल्या पिढीला खाऱ्या, पातळ, टोचे मारलेल्या बिस्किटाची ओळख करून द्यावी लागत नाही. क्रॅकजॅकच्या तर नावातच हा आवाज बसलेला आहे.

अखेर 'ज्वारीची कडक चकती' हे नाव मोठ्या अक्षरांत आणि त्याखाली 'क्रॅकर' लहान अक्षरांत, यावर एकमत झाले. अनेकवचनी 'क्रॅकर्स' कोठेही लिहायचे नाही, हा ठराव माझा. पार्सलच्या खिडकीपाशी रांगेत घालवलेला अर्धा तास त्यामागे आहे. चकत्या गोल असाव्यात, अशी सूचना मामांची. चौकोनाचे कोपरे आधी करपतात आणि वाहतुकीत आधी मोडतात.

३ जानेवारी २०२५

पाकिटाच्या मागचा मजकूर पक्का झाला. चारच्या पाच ओळी झाल्या, छपाईवाल्याने त्या बसवून दिल्या.

"इंग्रजीत 'क्रॅक' म्हणजे तडकण्याचा आवाज, मोडताना असा आवाज करणारा तो क्रॅकर. पातळ, कडक बिस्किटाला हे नाव अमेरिकेत १७३९ पासून आढळते. मराठीत मोहरी तडतडते, काच तडकते आणि भिंतीला तडा जातो. या चकतीचे नावही त्याच घराण्यातले आहे. चकतीवरचे टोचे वाफ बाहेर जाण्यासाठी असतात. ती मोडताना आवाज आला नाही, तर पाकीट उघडे राहिले असे समजावे."

शेवटचे वाक्य काकूंचे आहे. मी त्यात फक्त विरामचिन्हे घातली.

९ जानेवारी

यात्रेसाठी एकशे वीस पाकिटे भरून झाली. प्रत्येकी शंभर ग्रॅम, म्हणजे साधारण बावीस चकत्या. एक बंद पाकीट कमरेच्या उंचीवरून तीन वेळा फरशीवर टाकून पाहिले. बावीसपैकी दोन मोडल्या. कडक भाकरीच्या खोक्याच्या मानाने हे प्रमाण आम्हाला चालण्यासारखे आहे.

यात्रेच्या दिवसांत भट्टी बंद राहील. सध्या वापरात असलेली मालदांडी गेल्या हंगामातली, चांगली मुरलेली आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी ज्वारी आली, की उकडीच्या पाण्याचे माप पुन्हा काढावे लागेल. मामांची टोच्यांची फळी गोल चकतीला पुरत नाही, एका बाजूचे दोन खिळे कडेबाहेर पडतात. नवी फळी करून घ्यायची आहे.